घोडा बरोबर ओळखूनही पैसे का जातात

तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तीन वर्षं शर्यती बघताय. सात-आठ जणांचा गट आहे. सकाळी बातम्या, दुपारी बेट आणि शेवटच्या शर्यतीनंतर राजकारणावर वाद, असा तुमचा दिवस. तुमचे तीनातले एक घोडे जिंकतात, तरी वर्षाच्या शेवटी वही तोट्यातच. तुमचे प्रश्न तीन: बातम्यांपैकी कामाची कोणती? कर वाढला तर क्लब आणि बुकी बघून घेतील, आपल्याला काय फरक पडतो? आणि गटातला एकजण म्हणतो की शर्यतीच्या दिवशी राजकारण बोलूच नका, ते बरोबर आहे का?

मी अकरा वर्षं टोटच्या (सगळ्यांच्या बेटचे पैसे एकत्र करून विजेत्यांना वाटणारी रेसकोर्सवरची व्यवस्था) हिशेबाच्या खोलीत काढली आणि पुढची सतरा वर्षं फॉर्म, म्हणजे घोड्यांच्या मागच्या शर्यतींच्या नोंदी, वाचण्याचंच काम करतोय. दोन्ही बाजूंनी बघितल्यावर माझं ठाम मत झालंय की तुमचे तिन्ही प्रश्न एकच आहेत. तुम्ही लावलेल्या शंभरातले किती रुपये शर्यत सुटण्याआधीच कापले जातात, हा तो प्रश्न. तो सुटल्याशिवाय टिप, बातमी, पॅडॉक (शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात ती जागा) यातलं काहीही उपयोगाला येत नाही.

तीनात एक ही तुमची कमाई आहे असं समजू नका. बहुतेक देशांत फेव्हरिट, म्हणजे ज्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो घोडा, साधारण तीनातल्या एका शर्यतीत जिंकतो. म्हणजे डोळे मिटून फेव्हरिटवर लावणाऱ्यालाही तेवढेच विजेते सापडतात. शंभर शर्यतींत प्रत्येकी एक रुपया लावला, 33 घोडे जिंकले आणि सरासरी डिव्हिडंड (एका रुपयामागे परत मिळणारी रक्कम) अडीच मिळाला, तर हातात साडेब्याऐंशी रुपये आले. साडेसतरा गेले. त्याच 33 घोड्यांचा सरासरी डिव्हिडंड 3.10 असता तर 102 आले असते आणि तुम्ही मला हा प्रश्नच विचारला नसता. घोडे तेच, जॉकी तेच, तुमची पारखही तीच. फरक फक्त भावाचा. पंटरचं पोट घोडा ओळखण्यावर भरत नाही, भाव ओळखण्यावर भरतं.

आता हा भाव येतो कुठून ते बघू. टोटची कल्पना जोसेफ ओलेर या माणसाने 1867 च्या सुमाराला पॅरिसमध्ये आणली. तत्त्व साधं: सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये, त्यातून चालवणाऱ्याची कपात बाजूला, उरलेलं विजेत्यांमध्ये त्यांनी लावलेल्या रकमेच्या प्रमाणात. पण हाताने एवढा हिशेब वेळेत होत नसे. पहिलं यंत्र 1913 मध्ये न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या एलर्स्ली रेसकोर्सवर बसलं. ते बनवणारे जॉर्ज ज्युलियस यांनी मुळात ते निवडणुकीतली मतं मोजायला तयार केलं होतं. सरकारने ते घेतलं नाही, म्हणून त्यांनी ते शर्यतीकडे वळवलं. तुमच्या त्या मित्राला ही गोष्ट जरूर सांगा. मतं मोजायचं यंत्र आणि पैसे मोजायचं यंत्र मुळात एकच होतं, कारण टोटचा भाव म्हणजे तरी दुसरं काय, लोकांनी पैशाने टाकलेली मतंच.

विन पूलमध्ये, म्हणजे पहिल्या येणाऱ्या घोड्यासाठी लावलेल्या पैशांत, एक लाख जमले असं धरा. कपात 20 टक्के. वाटायला उरले 80 हजार. एका घोड्यावर 20 हजार लागलेत, म्हणजे लोकांच्या मते त्याला जिंकायची संधी पाचात एक, म्हणजे 20 टक्के. तो जिंकला तर एकाला चार मिळतील. आता चारच्या भावात बरोबरीत सुटायचं असेल तर तो घोडा चारातून एकदा जिंकायला हवा, म्हणजे 25 टक्के. लोक म्हणतात 20, तुम्हाला 25 हवेत. याचा अर्थ, नुसतं लोकांपेक्षा हुशार असून भागत नाही, त्यांच्यापेक्षा सव्वापट हुशार असावं लागतं, तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर येता. कपात 30 टक्के झाली की हाच आकडा साधारण 1.43 पट होतो. मी इतकी वर्षं चांगले पंटर बघितलेत. लोकांपेक्षा दहा टक्के जास्त अचूक असलेला माणूस हाच मुळात दुर्मीळ.

टोटच्या खोलीत शेवटची दोन मिनिटं कशी असतात ते सांगतो. घोडे गेटमागे गोल फिरत असतात. तोवर पूलमध्ये जेमतेम निम्मे पैसे आलेले असतात. मग पहिला घोडा आत जातो आणि पडद्यावरचे आकडे धावायला लागतात. सहाचा घोडा पाच, साडेचार, तीन-ऐंशी. कधीकधी गेट उघडल्यावर, घोडे शंभर मीटर गेल्यावर शेवटचा आकडा बसतो. खिडकीवरून परतलेला माणूस सहाचा भाव डोक्यात घेऊन दुर्बीण लावतो आणि त्याला मिळतात साडेतीन. दर शर्यतीनंतर कोणीतरी जाळीपाशी येऊन आमच्याशी भांडायचं. फसवणूक नव्हती ती. टोटवर तुम्ही बघितलेला भाव तुमचा नसतो, शेवटचा भाव तुमचा असतो. बुकीकडे मात्र ठरलेल्या भावाने लावलं तर तोच मिळतो, आणि म्हणून त्याची कपात आकड्यांमध्येच दडवलेली असते. शंभराला प्रत्येक घोड्याच्या भावाने भागा आणि आलेल्या आकड्यांची बेरीज घ्या. शंभराच्या वर जितकी जाईल तितका त्याचा वाटा.

कपातीचा दुसरा परिणाम जास्त वाईट आहे, कारण तो दिसत नाही. लोक एकाच शर्यतीला थांबत नाहीत. जिंकलेले पुन्हा लावतात. हजार रुपये घेऊन आलेला माणूस सहा शर्यतींत दरवेळी हातातली सगळी रक्कम फिरवतो असं धरा. दरवेळी सरासरी 10 टक्के कापले गेले तर शेवटी त्याच्याकडे 531 रुपये उरतात. 20 टक्के कापले गेले तर 262. कपात दुप्पट झाली, पण त्याचा तोटा 469 वरून 738 वर गेला आणि मुख्य म्हणजे पाचव्या-सहाव्या शर्यतीपर्यंत त्याच्याकडे लावण्यासारखं फारसं काही राहिलं नाही. असा माणूस दोन-तीन रविवार येतो आणि मग येत नाही. त्याच्याबरोबर पूल लहान होतो. लहान पूलमध्ये तुम्ही पाच हजार लावले की तुमचाच भाव पडतो. थोडक्यात, इतरांवरचा करही तुमच्याच डिव्हिडंडमधून जातो.

म्हणून कराचं राजकारण मी शर्यतीच्या बातमीइतकंच लक्ष देऊन वाचतो. त्यात एकच गोष्ट शोधायची: कर उलाढालीवर आहे की उरलेल्या रकमेवर? उलाढालीवर म्हणजे लावलेल्या प्रत्येक रुपयावर. उरलेल्या रकमेवर म्हणजे विजेत्यांना वाटून झाल्यावर चालवणाऱ्याकडे जे राहतं त्यावर. वर्तमानपत्रात दोन्हींना कर असंच म्हणतात आणि टक्केवारी छापून मोकळे होतात. पण 10 टक्के उलाढालीवर आणि 10 टक्के उरलेल्यावर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2001 पर्यंत बुकीच्या दुकानात बेट लावली की 9 टक्के वेगळे कापून घ्यायचे. लोक आधीच भरायचे किंवा जिंकल्यावर परताव्यातून द्यायचे. दरम्यान बुकींनी जिब्राल्टरला बस्तान हलवायला सुरुवात केली होती, तिथून फोनवर करमुक्त बेट घेता यायची. सरकारच्या लक्षात आलं की दर तसाच ठेवला तर कर घ्यायला धंदाच उरणार नाही. मग पंटरवरची कपात रद्द करून बुकीच्या ढोबळ नफ्यावर 15 टक्के लावले. हाँगकाँगने हेच 2006 मध्ये केलं. तिथे उलाढाल नव्वदच्या दशकातल्या उंचीवरून घसरत घसरत 60 अब्ज हाँगकाँग डॉलरपर्यंत आली होती आणि पैसा बेकायदा बुकींकडे वाहत होता. सरकारने उलाढालीवरचा कर काढून उरलेल्या रकमेवर 72.5 टक्क्यांपासून पुढे असा कर लावला. ऐकायला 72 टक्के भयंकर वाटतात! पण क्लबला आता मोठ्या हरलेल्या बेटवर 10 टक्के परत देण्याची मोकळीक मिळाली, मोठे पंटर परतले आणि दशकभराच्या आत उलाढाल 100 अब्जांच्या वर गेली. म्हणून टक्केवारीच्या मोठ्या आकड्याला घाबरू नका, तो कशाला लावलाय ते विचारा.

भारतात नेमकं उलटं घडलं. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं होतं. पण 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा शर्यतीवरची बेट 28 टक्क्यांच्या गटात बसली. हे 28 टक्के क्लबच्या कमिशनवर की बेटच्या पूर्ण रकमेवर यावर न्यायालयात वाद झाले. 1 ऑक्टोबर 2023 पासून कायद्यातच दुरुस्ती करून पूर्ण रक्कम हे उत्तर पक्कं केलं गेलं. 22 सप्टेंबर 2025 पासून दर 40 टक्के झाला.

याचा हिशेब एकदा कागदावर करून बघा, मग गटात बोला. 100 च्या बेटवर वरून 40 दिले, म्हणजे खिशातून 140 गेले. क्लबने पूलमधून 10 टक्के ठेवले असं धरू. सगळ्या पंटरांना मिळून 90 परत. 140 देऊन 90, म्हणजे रुपयाचे 64 पैसे. या भावात तग धरायला लोकांपेक्षा दीडपटीहून जास्त अचूक असायला हवं. हाच 40 टक्के कर क्लबच्या 10 रुपयांवर असता तर सरकारला 4 मिळाले असते आणि पंटरला 100 चे 90 परत आले असते. वर 10,000 रुपयांहून मोठ्या जिंकण्यावर 30 टक्के आयकर आधीच कापतात, आणि हरलेल्या बेट त्यातून वजा करता येत नाहीत. म्हणजे वर्षभराचा तोटा असला तरी जिंकलेल्या त्या एका दिवसाचा कर भरायचाच.

सरकारची बाजूही समजून घ्या. अर्थखात्यातल्या माणसाला कागदावर 100 मागे 40 आणि 100 मागे 4 असे दोन आकडे दिसतात. पहिला निवडला तर तो चुकीचा ठरेपर्यंत दोन वर्षं जातात. शिवाय जुगारावर कर कमी केला असं कोणत्याही मंत्र्याला सभागृहात सांगायचं नसतं. या दोन कारणांमुळे हा कर वाढवणं सोपं आणि कमी करणं अवघड असतं, पक्ष कोणताही असो. पण पैसा लावणारा माणूस मुळात लावायचा थांबत नाही. तो टोटची खिडकी सोडून फोनवरच्या बेकायदा बुकीकडे जातो. तिथे ना कर, ना पूल, ना घोड्याच्या चाऱ्याला एक पैसा. अधिकृत बेटच्या कपातीतूनच बक्षिसाची रक्कम येते, बक्षिसातून मालक ट्रेनरचं बिल भरतो आणि त्या बिलातून घोड्याची निगा राखणाऱ्या सईसाचा पगार निघतो. ही साखळी खिडकीपाशी सुरू होते. मी या साखळीच्या पहिल्या कडीवर बसायचो, म्हणून मला ती तुटताना जास्त लागते.

इंग्लंडमध्ये 10 सप्टेंबर 2025 ला चार ठिकाणच्या ठरलेल्या शर्यती त्या दिवशी न घेता सगळ्या क्षेत्राने एक दिवस काम बंद ठेवलं. ऑनलाइन कॅसिनो आणि ऑनलाइन बेट यांना एकाच करात गुंडाळायचा प्रस्ताव होता, त्याविरुद्ध. नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात कॅसिनोचा कर 21 वरून 40 वर नेला, इतर खेळांवरच्या ऑनलाइन बेटचा 25 वर, पण घोड्यांच्या शर्यतीचा 15 वरच ठेवला. जॉकी, ट्रेनर, मालक आणि क्लब एकत्र उभे राहिले आणि खासदारांपुढे एकच मुद्दा मांडला की फिरणाऱ्या आकड्यांच्या यंत्रामागे कोणाची नोकरी नसते, घोड्यामागे असते. त्या बातम्या वाचताना मला आपल्याकडे असं एकत्र येणं का होत नाही याचं वाईट वाटत राहिलं.

आता रोजच्या बातम्यांकडे वळतो. बातमीची किंमत ती खरी आहे की खोटी यावर ठरत नाही, ती भावात आधीच आली आहे का यावर ठरते. मोठा जॉकी बसला, ट्रेनर जोरात आहे, मागच्या वेळी पाच लांबीने (पाच घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने) जिंकला: हे सगळं खरं असतं, आणि म्हणूनच त्यात पैसा नसतो. सगळ्यांनी वाचलेलं असतं. उलट लोक ज्या गोष्टी वाचायचा कंटाळा करतात त्यात थोडं काही सापडतं. मागच्या शर्यतीत घोडा सहावा आला, पण कुठे अडकला? बाहेरच्या बाजूने वळण घेताना किती जमीन जास्त धावला? त्या दिवशी धावपट्टी ओली होती का, आणि याआधी तो ओल्या पट्टीवर कधी जिंकलाय का? वजनाचं ढोबळ गणित लक्षात ठेवा, मैलाच्या शर्यतीत साधारण एका किलोला एक लांबी. मागच्या वेळी सारख्याच वजनाने धावून दोन लांबीने हरलेला घोडा आज त्याच विजेत्यापेक्षा तीन किलो कमी वजन घेऊन धावत असेल तर कागदावर तो पुढे आहे, आणि लोक अजून मागच्या निकालाकडे बघत असतात.

पहिल्यांदा झापडं लावणं, गेटची जागा बदलणं, अंतर बदलणं या बातम्या मी नोंदवतो. ट्रेनरच्या मुलाखती वाचत नाही. घोडा छान आहे, आम्ही आशावादी आहोत, यापलीकडे त्यात काही नसतं.

पॅडॉकबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो, कारण कागदावर नसलेली बातमी तिथेच मिळते. घोडा दाखवणाऱ्या मुलाचा हात बघा. लगाम सैल धरून तो घोड्याबरोबर चालतोय, की कोपर आवळून अंगाचा सगळा भार मागे टाकतोय? मागच्या पायाचा खूर पुढच्या पायाच्या ठशाच्या पुढे पडतोय का ते बघा. पडत असेल तर पाठ मोकळी आहे. मागच्या मांड्यांच्या मध्ये साबणासारखा पांढरा फेस आला असेल तर एवढ्यावरून लगेच त्याला खोडू नका. उन्हात सगळ्यांनाच घाम येतो. सहा घोडे कोरडे आणि एकाच्याच मानेवर, लगामाखाली फेस, तर मात्र तो घोडा शर्यत पॅडॉकमध्येच धावून बसला. आणि मुख्य म्हणजे घोड्याची तुलना दुसऱ्या घोड्याशी करू नका, त्याच्याच मागच्या वेळेशी करा. एक घोडी माझ्या चांगली लक्षात आहे. ती दरवेळी पॅडॉकमध्ये दोन माणसांना ओढत फिरायची, घामाने भिजायची आणि तरी जिंकायची. एका दिवशी ती शांत, कोरडी, मान खाली घालून चालली. आजूबाजूचे म्हणाले, आज किती सुधारलीय. मी तिला सोडलं. ती शेवटून दुसरी आली. दुसऱ्या दिवशी कळलं की तिला ताप होता. आजारी जनावराला तसं धावायला लावलं हे अजूनही खटकतं मला.

तबेल्यातली टिप हा वेगळा विषय. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याही ओळखीचे सईस होते. त्यातल्या एकाने सांगितलं की अमुक घोडा सकाळच्या सरावात सगळ्यांना मागे टाकतोय. सकाळी त्याचा भाव आठ होता. मी पोचलो तेव्हा चार. घोडा जिंकला आणि डिव्हिडंड मिळाला दोन-वीस. मी खूश होतो, कारण जिंकलो होतो. पुढची दोन वर्षं मी अशा टिपा लिहून ठेवल्या. 46 झाल्या. त्यातले 14 घोडे जिंकले, म्हणजे जवळपास तीनात एक, तुमच्यासारखंच. पण सरासरी डिव्हिडंड अडीचच्या आत. सईस खोटं बोलत नव्हता. तो मला सांगायचा तेव्हा मालकाच्या मेव्हण्यालाही सांगून झालेलं असायचं, एवढंच. माझ्या कानावर येईपर्यंत आठाचा भाव संपलेला असायचा.

दुसऱ्या टोकाला तुमच्या गटातले चाळीस-पन्नासच्या भावाचे घोडे शोधणारे. अमेरिकेतल्या शर्यतींवरून 1949 मध्येच दाखवून दिलं गेलं की लोक लांबच्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर कमी. नंतर बहुतेक देशांत हेच दिसलं. पन्नासच्या भावाचा घोडा प्रत्यक्षात शंभरातून एकदासुद्धा जिंकेल याची खात्री नसते. दिवसभर हरलेले लोक शेवटच्या शर्यतीत एका फटक्यात भरपाई करायला तिकडे वळतात, म्हणून शेवटच्या शर्यतीतला फेव्हरिट मी नेहमी जास्त लक्ष देऊन बघतो.

आणि ज्यांना वाटतं की संगणकाने सगळं सुटेल त्यांच्यासाठी: हाँगकाँगमध्ये ऐंशीच्या दशकापासून गणिताच्या बळावर बेट लावून प्रचंड पैसा कमावलेल्या बिल बेंटर यांनी 1994 मध्ये आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. त्यांचं गणित एकट्याने लोकांच्या भावाला हरवत नव्हतं. स्वतःचा अंदाज आणि लोकांचा भाव हे दोन्ही एकत्र केल्यावर आकडे जुळले. एवढ्या हुशार माणसाने लोकांच्या भावाला मान दिला. आपण तो मूर्खांचा आवाज समजून सोडून देतो. तुमचा अंदाज आणि टोटचा भाव यात फार मोठी तफावत दिसली तर बहुतेक वेळा तुम्हालाच काहीतरी माहीत नसतं.

जमिनीचं आणि प्राण्यांच्या हिताचं राजकारण मी थोडक्यात सांगतो, पण ते किरकोळ नाही. मकाऊत शेवटची शर्यत 30 मार्च 2024 ला झाली. सिंगापूर टर्फ क्लब 1842 चा, तिथली शेवटची शर्यत 5 ऑक्टोबर 2024 ला, आणि तिथल्या क्रांजी रेसकोर्सची सुमारे 120 हेक्टर जमीन घरांसाठी सरकारकडे परत. दाट वस्तीच्या शहरात मोकळ्या गवताचा एवढा तुकडा कोणाच्या डोळ्यांत खुपणार नाही? ज्या क्लबची उलाढाल घटलेली असते त्याला जमीन राखायला मुद्दा उरत नाही, म्हणून हाही प्रश्न शेवटी कपातीपाशीच येतो. चाबकाचं आणि अपघातांचंही तसंच. इंग्लंडमध्ये 2023 पासून सपाट शर्यतीत जॉकीला सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांचीच मुभा आहे. ग्रँड नॅशनल या तिथल्या प्रसिद्ध अडथळ्यांच्या शर्यतीत 2024 पासून 40 ऐवजी 34 च घोडे धावतात. अमेरिकेत 2019 मध्ये सांता अनिता रेसकोर्सवर एकामागून एक घोडे मेले. पुढच्याच वर्षी तिथे सुरक्षेचा देशपातळीवरचा कायदा झाला. या बदलांना मी पूर्ण पाठिंबा देतो. आणि पंटर म्हणून नोंद घ्या की घोड्यांची संख्या आणि चाबकाचा नियम बदलला की जुने निकाल तसेच्या तसे लागू पडत नाहीत. मागून येऊन चाबकाच्या जोरावर शेवटच्या शंभर मीटरात जिंकणाऱ्या घोड्यांकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो.

तर गटात राजकारण बोलावं का? बोला, पण मुद्द्याचं बोला. कोणता पक्ष चांगला, कोणता नेता चोर, यावर घसा बसवून हातात काही येत नाही, आणि एक तोटा नक्की होतो: भांडण झालेला माणूस पुढच्या शर्यतीला चिडून लावतो. हे मी खिडकीआडून शेकडो वेळा बघितलंय. तिकीट घेताना हात थरथरत असतो आणि रक्कम नेहमीच्या तिप्पट. तुमचा मित्र बहुधा याच कारणाने नको म्हणतोय, त्याचं ऐका. पण कर कशावर लागतोय, क्लबच्या जमिनीचा भाडेपट्टा कधी संपतोय, कपात किती आहे, हे विषय शर्यतीच्या दिवशी नाही तर आधी दोन दिवस बसून बोला, आकडे समोर ठेवून. तुमच्या भागातल्या आमदार-खासदाराला तुमच्यातल्या कोणी कधी पत्र लिहिलंय का? ज्यांचं घर शर्यतीवर चालतं त्यांची संख्या त्यात लिहा, पंटरचं दुःख लिहू नका. पंटरसाठी कोणी कर कमी करत नाही.

वहीत मात्र आजपासून बदल करा. सध्या तुम्ही घोड्याचं नाव आणि जिंकला की हरला एवढंच लिहिता असं दिसतं. चार रकाने करा. बेट लावण्याआधी तुमच्या मते त्याची संधी शंभरात किती, लावताना दिसलेला भाव, शेवटचा डिव्हिडंड आणि कर धरून खिशातून प्रत्यक्ष गेलेली रक्कम. पहिला रकाना शर्यत सुटायच्या आधी भरायचा, नंतर नाही. नंतर प्रत्येकालाच सगळं आधी माहीत असतं. दोनशे बेट होईपर्यंत रक्कम वाढवू नका, आणि घरखर्चाच्या पैशाला हात लावायची वेळ आली तर त्याच दिवशी थांबा आणि घरच्यांशी बोला. दोनशे झाल्यावर वही मला पाठवा. तुम्ही ज्यांना शंभरात तीस दिले होते त्यातले खरोखर तीस जिंकले की वीस, तेवढं मला आधी बघायचंय. तीस जिंकले असतील आणि तरी वही तोट्यात असेल, तर दोष तुमच्या पारखीचा नाही, चौथ्या रकान्याचा आहे.